पत्र्याची नवी कड

वाहनाच्या अंगाला भोक पाडणे ही वरकरणी वजाबाकी वाटते. टपावरचा झरोका, वायरलेसची अँटेना, बाहेरून वीज घेण्याचा सॉकेट किंवा दारातला स्पीकर बसवण्यासाठी जेवढी जागा हवी तेवढा पत्रा काढून टाकला की काम संपले, अशी समजूत गाडीच्या मालकाची असते आणि या व्यवसायात नव्याने शिरलेल्या कारागिराचीही असते. कापून निघालेली चकती मात्र त्या क्षणापासून हिशेबातून जाते आणि मागे उरते ती पत्र्याची एक नवी कड, जी गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा अस्तित्वातच नव्हती, जिच्यावर रंगाचा एकही थर नसतो, आणि गाडी चालेल तितकी वर्षे पाणी, गंज, हादरे आणि तारांचे घर्षण यांची गाठ जिच्याशी पडत राहते. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातील एका लहानशा शेडमध्ये व्हॅन आणि मिनीबसच्या रुग्णवाहिका, फिरते दवाखाने आणि वायरलेसच्या गाड्या तयार करण्याच्या कामात प्रस्तुत लेखकाची जी सव्वीस वर्षे गेली, त्यांपैकी पहिली सात-आठ भोक पाडायला शिकण्यात गेली आणि उरलेली सगळी कड सांभाळायला शिकण्यात.

या कडेचे महत्त्व समजण्यासाठी पत्रा म्हणजे नेमके काय हे आधी पाहावे लागते. मोटारीचा बाहेरचा पत्रा साधारणपणे ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या तीन व्हिजिटिंग कार्डांइतका असतो, आणि त्याचे आयुष्य लोखंडापेक्षा त्यावरच्या थरांवर अधिक अवलंबून असते. पुष्कळ गाड्यांत मुळात जस्ताचा लेप असतो. त्यावर ‘ईडी कोट’ चढतो, म्हणजे संपूर्ण सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यापर्यंत बसवलेला पहिला थर. त्यानंतर प्रायमर, रंग आणि शेवटी पारदर्शक लॅकर. हे सारे रंगथर मिळून जाडी भरते ती सुमारे १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. भोक पाडणारा माणूस हे सर्व थर एकाच फेरीत आडवे कापतो, आणि कापलेल्या जागी ती टाकी पुन्हा कधी येत नाही. अँटेनासाठी पाडलेल्या १९ मिलिमीटरच्या भोकाला जेमतेम ६० मिलिमीटर कड येते, तर टपावरच्या चौदा इंची चौकोनी झरोक्याला ती जवळजवळ १.४ मीटर येते. मालक दोन्हींना ‘एक भोक’ म्हणतो आणि मजुरीची घासाघीसही त्याच हिशेबाने करतो.

सुरुवातीच्या काळात शेडमध्ये मान होता तो वेगाला. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली लेखक शिकला ते टपावर खडूने चौकोन आखून, चार कोपऱ्यांत चार भोके पाडून, जिगसॉने म्हणजे खालीवर चालणाऱ्या बारीक पात्याच्या विजेच्या करवतीने अर्ध्या तासात झरोक्याची जागा मोकळी करीत, आणि त्यांचा हात इतका स्थिर होता की कानस मारण्याची गरज क्वचितच भासे. त्यांच्याकडून हात शिकता आला. पुढचे शिकता आले नाही, याचे कारण असे की त्यांनी कापलेल्या गाड्या त्यांच्याकडे परत येत नसत, त्या गावोगावच्या डेंटर-पेंटरकडे जात. पत्रेकामातील बहुतेक चुकांना पिकायला दोन पावसाळे लागतात, आणि तोवर गाडी, पावती व कारागीर यांची फारकत झालेली असते. शेडने पुढे देखभालीची कंत्राटे घेतली म्हणून केवळ आपण कापलेल्या गाड्या पुन्हा पाहण्याचा योग लेखकाला आला, आणि तो योग सुखाचा नव्हता.

रत्नागिरी जिल्ह्यात दोन पावसाळे काढून आलेली एक रुग्णवाहिका या दृष्टीने निर्णायक ठरली. तिच्या टपावरच्या झरोक्याभोवती रंगाला सगळीकडून फोड आले होते, नखाने दाबले की फोडातून तांबडे पाणी येत होते, आणि झरोक्याची चौकट काढल्यावर कडेचा पत्रा बिस्किटासारखा तुटून हातात आला. पाणी आत गळत असल्याची तक्रार मात्र एकदाही आली नव्हती, म्हणजे सांधा घट्ट होता आणि तरीही त्याच्याखाली लोखंड खाल्ले गेले होते. कारण सापडले ते सांध्यात भरलेल्या सिलिकॉनच्या नळीत. न्हाणीघरातील फरशीच्या फटींसाठी मिळणारे स्वस्त सिलिकॉन हवेतील दमटपणाने घट्ट होते आणि घट्ट होताना ॲसेटिक ॲसिड सोडते, ज्याचा व्हिनेगरसारखा आंबट वास हाताला बराच वेळ येत राहतो. उघड्या लोखंडी कडेवर तेच आम्ल गंजाची पहिली ठिणगी टाकते आणि त्यावर बसलेला रबरासारखा थर ती ठिणगी झाकून ठेवतो. काचेला आणि फरशीला त्याचा उपद्रव नाही, म्हणून दुकानदाराने ते चांगले म्हणून दिले होते आणि लेखकाने चांगले म्हणून वापरले होते. त्या हंगामात त्याच नळीने बंद केलेल्या आणखी गाड्या होत्या, त्यांपैकी काहींच्या मालकांना कळवले गेले आणि काहींना कळवण्याचे धैर्य झाले नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

त्यानंतर शेडमध्ये जो क्रम ठरला तो आजतागायत फारसा बदललेला नाही. कापल्यावर आधी ‘बर’ काढायची, म्हणजे कडेवर उभा राहणारा धारदार काटेरी ओठ अर्धगोल कानशीने आणि मग पॉलिश पेपरने घासून टाकायचा, कारण टोकदार कडेवर रंग टिकत नाही, तो ओला असतानाच धारेवरून मागे सरकतो आणि नेमकी धार उघडी राहते. मग थिनरने पुसून दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर ब्रशने दोन्ही बाजूंनी द्यायचा, त्यावर रंग, आणि तो पूर्ण वाळल्यावरच पॉलियुरेथेनचे सीलंट. यातील ‘पूर्ण वाळल्यावरच’ या दोन शब्दांवर शेडमध्ये जितकी भांडणे झाली तितकी मजुरीवरूनही झाली नसतील, कारण भोक पाडायला वीस मिनिटे लागतात आणि कड वाळायला रात्र लागते, आणि मालक दारात उभा असतो.

कापण्याआधीच्या मोजमापाविषयी विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत महागडी चूक तिथे होते. टप बाहेरून दिसतो तसा नसतो. त्याच्या खाली दर दोन-अडीच फुटांवर आडव्या पट्ट्या असतात, ज्या पत्र्याला चिकट पट्टीने टेकवलेल्या असतात आणि टपाची ताकद प्रामुख्याने त्यांच्यामुळे असते. त्याखाली तारांचे जुडगे, मग अस्तर. आतून दिसते फक्त अस्तर आणि बाहेरून दिसतो फक्त रंग. लेखकाने एका फिरत्या दवाखान्याच्या गाडीत आतले माप आसनाच्या कडेपासून घेतले आणि बाहेरचे माप टपाच्या पन्हळीपासून, म्हणजे दारांच्या वर पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या खाचेपासून घेतले, आणि पन्हळीच्या वळणाचा हिशेब न धरल्याने दोन्ही मापांत सुमारे ४० मिलिमीटरचा फरक पडला. जिगसॉ चालू असताना आवाज बदलला. पातळ पत्र्याची कर्कश थरथर एकाएकी जाड आणि बसकी झाली, याचा अर्थ पाते पट्टीत शिरले होते, आणि कान हे सांगत असताना हात मात्र आणखी दोन इंच पुढे गेला, कारण आखलेली रेघ समोर दिसत होती. पट्टीचा अर्धा काप नंतर लोखंडी जोडपट्टीने आणि बोल्टने सावरला, आतला दिवा थोडा सरकवून डाग झाकला, आणि डॉक्टरांच्या माणसाला ते तिसऱ्या दिवशी सांगितले. पहिल्या दोन दिवसांत सांगण्याची संधी होती.

त्या प्रकारानंतर मापाची पद्धत उलटी झाली. आधी अस्तर खाली घ्यायचे, आतून पट्ट्या आणि तारा डोळ्यांनी पाहायच्या, भोकाचा मध्य आतूनच ठरवायचा, तेथून ३ मिलिमीटरच्या बारीक ड्रिलने एकच भोक आतून बाहेर काढायचे आणि त्या भोकाला मध्य मानून बाहेरची आखणी करायची. आतला आणि बाहेरचा हिशेब या एका भोकाने बांधला जातो. जागा चुकलीच तर एवढे भोक झाळून बुजवता येते. आखणीही रंगावर न करता मास्किंग टेपवर होऊ लागली, ज्यामुळे यंत्राचा पाया रंगावर ओरखडे काढत नाही. पुठ्ठ्याचा साचा कापून तो टपावर ठेवायचा, वस्तू त्यावर बसवून पाहायची, मागचे दार उघडल्यावर ती आडवी येते का हे बघायचे, आणि शक्य असल्यास चहाला जायचे. चहा हा यातील अनावश्यक भाग नाही, कारण परत आल्यावर साचा उलटा ठेवला होता असे लेखकाला किमान दोनदा दिसले आहे.

गोल भोकासाठी ‘होल सॉ’ वापरतात, म्हणजे डब्याच्या आकाराची करवत, जिच्या मध्यभागी वाट दाखवणारे साधे ड्रिल असते. तिच्याविषयीचे बहुतेक अपघात वेगातून होतात. साध्या लोखंडात हत्याराच्या दातांचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर ठेवावा असा ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने ६ मिलिमीटरच्या ड्रिलला मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे चालतात, परंतु ६४ मिलिमीटरच्या होल सॉला सव्वाशेच पुरतात. नवखा कारागीर दोन्हींसाठी ट्रिगर सारखाच दाबतो, दात तापून निळे पडतात, रंग कडेभोवती जळतो, आणि पत्रा फुटून आरपार जाण्याच्या क्षणी एखादा दात अडकला की यंत्राऐवजी मनगट फिरते. जुन्या कारागिरांची एक युक्ती येथे उपयोगी पडते, ती म्हणजे पहिले काही फेरे यंत्र उलटे फिरवून फक्त रंगाचा थर कापून घेणे आणि मग सुलटे फिरवणे, ज्यामुळे रंगाचे टवके उडत नाहीत. दुसरी युक्ती आणखी साधी आहे: लाकडाच्या ठोकळ्यातून ड्रिल आरपार घालून त्याचे टोक फक्त ८ मिलिमीटर बाहेर ठेवायचे, जेणेकरून पत्रा फुटताच हात धक्क्याने पुढे गेला तरी ड्रिल त्यापलीकडे जाऊ शकत नाही.

हा ठोकळा शेडमध्ये आला तो एका नुकसानीनंतर. बाहेरून वीज घेण्याचा सॉकेट बसवण्यासाठी एका गाडीच्या मागच्या बाजूला भोक पाडताना ड्रिल पत्रा फोडून आत घुसले आणि मागच्या दिव्यांकडे जाणारे तारांचे जुडगे त्याने सुताच्या रिळासारखे स्वतःभोवती गुंडाळून घेतले. बॅटरीची ऋण तार काढलेली नव्हती. फ्यूज उडाला म्हणून आग लागली नाही, एवढेच त्या दिवसाचे समाधान. तारा जोडण्यात अडीच दिवस गेले आणि त्यानंतरही डाव्या वळणाचा दिवा कधीकधी ब्रेक दाबल्यावर लागत असे. यंत्र हातात होते ते मदतनीस मुलाच्या, पण पलीकडे काय आहे ते पाहून ठेवण्याचे काम लेखकाचे होते, आणि मुलाला त्या दिवशी जे ऐकावे लागले ते ज्याने ऐकायला हवे होते तोच बोलत होता. अलीकडच्या गाड्यांत हा धोका वाढला आहे. दारांवरच्या कडेने आत गुंडाळून ठेवलेल्या पडदा-एअरबॅग असतात, ज्यांच्या जोडण्या बहुधा पिवळ्या रंगाच्या असतात, आणि दारांमधले खांब अतिकठीण पोलादाचे असतात, ज्यावर साधे ड्रिल घसरते आणि जोर केल्यास जळते. या दोन्ही जागा शेडने स्वतःहून वर्ज्य केल्या.

अँटेनाचे काम आकाराने सर्वांत लहान आणि विचाराने सर्वांत अवघड. वायरलेसची उभी अँटेना लहरीच्या लांबीच्या चतुर्थांशाइतकी ठेवतात, म्हणून १५० मेगाहर्ट्झच्या आसपास ती सुमारे अर्धा मीटर भरते, आणि तिच्याखालचा धातूचा पत्रा हा तिचा दुसरा अर्धा भाग म्हणून काम करतो. यासाठी टपाचा मध्य ही तिची उत्तम जागा, आणि फेंडरवर बसवलेली अँटेना एका दिशेला अधिक व दुसऱ्या दिशेला कमी ऐकते. पत्र्याने असे काम करायचे तर अँटेनाच्या बैठकीचा उघड्या लोखंडाशी स्पर्श हवा, म्हणजे भोकाभोवतीचा रंग खरवडला पाहिजे. गंज टाळायचा तर तोच रंग राखला पाहिजे. लेखकाने आधी बाहेरून रंग खरवडला आणि गंज ओढवून घेतला, मग कुठेच खरवडला नाही आणि वायरलेसवर खरखर ऐकली. तोडगा निघाला तो असा की बाहेरची कड पूर्ण रंगवून रबरी वायसरखाली झाकायची आणि आतल्या बाजूला, जिथे पाऊस पोहोचत नाही, नटाच्या दातेरी वायसरपुरतीच अंगठीएवढी जागा उघडी करून आवळल्यावर तिच्यावर ग्रीस लावायचे.

कोपऱ्याचा प्रश्न पुस्तकातून कळला, तोही उशिरा. ताणाखाली असलेल्या रुंद पत्र्यात गोल भोक पाडले की त्याच्या कडेवरचा ताण सरासरीच्या तिप्पट होतो, हे जर्मन अभियंता किर्श याने १८९८ मध्ये गणिताने दाखवले, आणि भोकाचा कोपरा जितका टोकदार तितका हा ताण वाढत जातो. या नियमाची सर्वांत दारुण साक्ष विमानाने दिली आहे. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळलेल्या कॉमेट या जेट विमानाचे अवशेष वर काढून तपासले तेव्हा धातूच्या थकव्याची भेग टपावरच्या, दिशाशोधक रेडिओच्या अँटेनासाठी ठेवलेल्या झरोक्याच्या कोपऱ्यालगत सापडली. रुग्णवाहिकेच्या टपाला विमानासारखा हवेचा दाब सोसावा लागत नाही, म्हणून तुलना ताणू नये. परंतु खड्ड्यांच्या रस्त्यावर टप सतत पिळला जातो, आणि मिस्त्रींच्या नीटनेटक्या काटकोनी चौकोनांच्या कोपऱ्यांतून तिरक्या निघालेल्या केसाएवढ्या भेगा लेखकाने पुढे मोजदाद सुटेल इतक्या पाहिल्या. तेव्हापासून चारही कोपऱ्यांत आधी २५ मिलिमीटरच्या होल सॉने गोल भोके पाडून मगच त्यांना सरळ कापांनी जोडले जाते. निघालेली भेग थांबवायची तीही तिच्या टोकावर बारीक गोल भोक पाडूनच, हा या विषयातला गमतीचा भाग आहे.

खासगी मोटारीचा टप कापून त्यात सनरूफ बसवण्याचे काम शेडने एकदाच केले. सनरूफ ठरलेल्या मापाचे होते आणि त्याला जागा देण्यासाठी टपाची एक आडवी पट्टी मधूनच काढावी लागली. गाडी देखणी झाली, मालक खूश झाला, आणि महामार्गावर वेग वाढला की टप डफासारखा घुमतो अशी तक्रार घेऊन तो महिन्याने परत आला. घुमणे नमद्याचे तुकडे चिकटवून कमी करता आले. गाडी उलटली असती तर काय झाले असते हा प्रश्न मालकाने विचारला नाही आणि लेखकानेही काढला नाही, मात्र ते काम पुन्हा घेतले नाही.

कायद्याकडे पाहण्याची सवय या व्यवसायाला उशिरा लागली. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होतील असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कठोर अर्थ कायम केला. रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ हे स्वतंत्र मानक आहे, ज्यात त्यांचे ए ते डी असे चार प्रकार करून प्रत्येकाची रचना आणि साधने ठरवून दिली आहेत. अँटेनाच्या भोकाने नोंदणीपत्र बदलत नाही आणि टप उंच केल्याने बदलते, हा भेद लेखकाला ठाऊक होण्यापूर्वी शेडमध्ये दोन्ही प्रकारची कामे सारख्याच बेफिकिरीने होत होती.

पाण्याची परीक्षा हा कामाचा शेवटचा भाग, आणि तो टाळण्याचा मोह सर्वांत मोठा. नळी धरून वीस मिनिटे टपावर पाणी सोडायचे, तेही अस्तर परत चढवण्याआधी, कारण अस्तर चढल्यावर गळती आपली जागा सांगत नाही. मागच्या झरोक्यातून शिरलेले पाणी पट्टीवरून पुढे वाहत जाऊन चालकाच्या गुडघ्यावर ठिबकते आणि सगळे पुढच्या काचेच्या रबराला दोष देत बसतात. याच वेळी लोखंडाचा बारीक चुरा धुऊन काढायचा असतो. कापताना उडालेला हा चुरा पन्हळीत आणि बोनेटच्या फटीत बसतो आणि दमट रात्रीनंतर पांढऱ्या रंगावर नारिंगी ठिपके उमटवतो. जूनमध्ये सुपूर्द केलेल्या एका गाडीच्या मालकाने दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवरून गाडीला गोवर निघाल्याचे कळवले होते.

वस्तू काढून टाकल्यावर उरलेल्या भोकांचा प्रश्न कोणी मजुरी ठरवताना काढत नाही. रुग्णवाहिका विकली जाते, वायरलेस जुना होतो, आणि टपावर १९ मिलिमीटरचे एक निरुपयोगी भोक राहते. झाळून बुजवले तर उष्णतेने पातळ पत्रा लहरतो, आतले अस्तर जळण्याची भीती असते, लांबी भरून पूर्ण टप पुन्हा रंगवावा लागतो. म्हणून शेडमध्ये बहुधा रबरी बूच सीलंटमध्ये बसवून देतात आणि दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात, जे कोणी बदलत नाही.

होल सॉमधून निघालेल्या चकत्या लेखक गेली अनेक वर्षे एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत आला आहे. सुरुवातीला त्या रंगाची छटा जुळवण्यापुरत्या होत्या. पुढे प्रत्येक कामाच्या दिवशी चकतीच्या निम्म्या कडेला तोच प्रायमर, रंग आणि सीलंट लावून निम्मी कड उघडी ठेवण्याचा आणि मागे तारीख लिहिण्याचा प्रघात पडला. डबा शेडच्या मागच्या भिंतीवर, पावसाची झड येते त्या खिडकीत असतो. नवा मुलगा कामाला लागला की त्याला आधी यंत्र दिले जात नाही, डबा दिला जातो आणि चकत्या तारखेप्रमाणे लावायला सांगितले जाते, ज्यात त्याचा अर्धा दिवस जातो आणि बोटे तांबडी होतात.